केबलवर वीकेंडचा राजकीय कार्यक्रम सुरू करायचाय? मग सेट सगळ्यात शेवटी

निवडणुका जवळ आल्या की स्थानिक चॅनेलवर राजकीय चर्चेच्या कार्यक्रमांना ऊत येतो. त्यातले बहुतेक पाचव्या-सहाव्या आठवड्यात बंद पडतात. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं, कामाचा क्रम उलटा. आधी कार्यक्रमाचं नाव, मग लोगो, मग एलईडी वॉल लावलेला सेट, मग एखाद्या नेत्याच्या हस्ते उद्घाटन. विषय, पाहुणे, पैसे आणि कायदा या गोष्टींचा विचार पहिला भाग प्रसारित झाल्यावर सुरू होतो.

पुढचे टप्पे सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या केबल चॅनेलवर अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम करू पाहणाऱ्यांसाठी आहेत. प्रादेशिक सॅटेलाइट चॅनेलवर स्लॉट विकत घेणार असाल तर पहिला टप्पा बदलेल, बाकीचं तसंच. पहिल्या कागदापासून पहिल्या प्रसारणापर्यंत दोन-अडीच महिने धरा. त्यापेक्षा कमी वेळात करायला निघालात तर पायलटचा (प्रसारित न होणाऱ्या चाचणी भागांचा) टप्पाच गळतो आणि नेमका तोच गळायला नको.

आणि उद्घाटन नेत्याच्या हस्ते करू नका. दुसऱ्या पक्षाचा पाहुणा तो फोटो वर्षभर लक्षात ठेवतो.

## टप्पा १ : चॅनेलचे कागद बघा

केबल कंपनी स्वतः चालवते त्या स्थानिक चॅनेलला सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्याशी संबंध येतो तो त्यातल्या पाच गोष्टींचा :

१. प्रत्येक स्थानिक चॅनेलची ऑनलाइन नोंदणी लागते. शुल्क एकदाच, चॅनेलमागे १,००० रुपये.
२. स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी दाखवायच्या असतील तर एमएसओ (स्थानिक केबलवाल्यांना चॅनेल पुरवणारा मुख्य ऑपरेटर) कंपनी म्हणून नोंदलेला हवा. राजकीय चर्चा थेट यातच मोडते. मालकीची किंवा भागीदारीची फर्म असेल तर तिथेच थांबा.
३. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ ही ओळ दिसायला हवी.
४. प्रसारित झालेल्या सगळ्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपावं लागतं.
५. एका ऑपरेटरच्या स्थानिक चॅनेलवरचा मजकूर दुसऱ्या ऑपरेटरला देता येत नाही. ‘शहरातल्या दोन्ही नेटवर्कवर एकाच वेळी’ अशी जाहिरात करण्याआधी हे वाचा.

ऑपरेटर म्हणेल, ‘आपलं सगळं आहे हो, काळजी करू नका.’ नोंदणीची प्रत मागा. प्रत हातात येईपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

मग करार. त्यात चार मुद्दे स्पष्ट लिहून घ्या : ९० दिवसांचं रेकॉर्डिंग कोण ठेवणार, तक्रार किंवा नोटीस आली तर उत्तर कोण देणार, कच्च्या फुटेजचा मालक कोण, आणि यूट्यूबवर टाकण्याचा हक्क कुणाचा. शेवटच्या मुद्द्यावरून भांडणं सगळ्यात जास्त होतात. शिवाय यूट्यूबवर बातम्या-घडामोडी टाकणाऱ्याला २०२१ चे आयटी नियम वेगळे लागू होतात, त्यासाठी वकिलाकडे एक चक्कर मारा.

सावधान : केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा, १९९५ नुसार कारवाईचा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलिस आयुक्त यांच्याकडे आहे. प्रोग्राम कोड (काय दाखवू नये याचे नियम) मोडला तर यंत्रसामग्रीही जप्त होऊ शकते. हा कोड १९९४ च्या नियमांतल्या नियम ६ मध्ये आहे. दोन पानांचा मजकूर आहे, अँकरसकट सगळ्या टीमने एकदा बसून वाचावा.

## टप्पा २ : वार, वेळ आणि निवडणुकीचं कॅलेंडर

माझं मत स्पष्ट आहे : शनिवारी दुपारी रेकॉर्डिंग, रविवारी सकाळी दहाला प्रसारण, रात्री नऊला रिपीट. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून निघालेला आमदार शनिवारी सकाळी सोलापुरात असतो, आणि रविवारी तो लग्नं आणि उद्घाटनं यांत अडकतो. शिवाय रेकॉर्डिंग आणि प्रसारण यांच्यामध्ये एक रात्र मिळते. त्या रात्री चुकीचं नाव, चुकीचा आकडा, बदनामीचं एखादं वाक्य काढून टाकता येतं. पहिल्या तीन महिन्यांत लाइव्हच्या वाटेला जाऊ नका.

अर्ध्या तासाचा स्लॉट म्हणजे तुमच्या हातात चोवीस मिनिटं. १९९४ च्या त्याच नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिरात करता येते, म्हणजे अर्ध्या तासाला सहा. पटकथा तीस मिनिटांची लिहून नंतर कापत बसणारे बरेच आहेत. कापताना नेमकं उत्तर जातं आणि प्रश्न राहतो.

आता कॅलेंडर. वीकेंडच्या कार्यक्रमाला हा भाग सगळ्यात जास्त नडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ सांगतं की मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात टीव्हीवर निवडणुकीवर प्रभाव पडेल असं काहीही दाखवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ च्या लोकसभेला सोलापूर आणि माढा या दोन्ही मतदारसंघांत मंगळवारी, ७ मे रोजी मतदान होतं आणि ते संध्याकाळी सहाला संपणार होतं. ४८ तास मागे मोजा : रविवार, ५ मे, संध्याकाळी सहा. म्हणजे वर सांगितलेलं वेळापत्रक त्या रविवारी लावलं असतं तर सकाळी दहाचा भाग चालला असता आणि रात्री नऊचा रिपीट कायद्यात अडकला असता. भाग तोच, पाहुणे तेच.

त्याच वर्षी विधानसभेचं मतदान बुधवारी, २० नोव्हेंबरला झालं. तिथे बंदी सोमवारी संध्याकाळी सुरू झाली, त्यामुळे रविवार पूर्ण मोकळा होता. पण सोमवारी रात्री रिपीट लावणाऱ्या चॅनेलला तो काढावा लागणारच. यावरून सवय लावून घ्या : मतदानाची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी आपलं प्रसारण आणि प्रत्येक रिपीट तिच्यावर ताडून बघा.

एक्झिट पोलचं गणित वेगळं. २०२४ ला ही बंदी १९ एप्रिलच्या सकाळी सातपासून १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत देशभर होती. सोलापूरचं मतदान होऊन गेलं तरी १२, १९ आणि २६ मे हे तिन्ही रविवार त्या बंदीतच होते. ‘आपल्याकडचं मतदान झालं, आता कोण येणार ते लोकांना विचारू’ हा भाग अशा वेळी करायचा नाही. चौकात पाच जणांना ‘कुणाला मत दिलं?’ विचारून त्यांच्या बाइट (बोलण्याचे तुकडे) लावणं हीसुद्धा जोखीमच.

महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याचे आदेश स्वतंत्र असतात. लोकसभेच्या वेळची फाइल काढून तीच लावू नका, त्या वेळचा आदेश जिल्हाधिकारी किंवा महापालिका निवडणूक कार्यालयातून आणून वाचा.

तपासा : भिंतीवर वर्षाचं एक मोठं कॅलेंडर आहे का? त्यावर आषाढी-कार्तिकी, जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा, विधिमंडळाची अधिवेशनं आणि गाळप हंगाम लिहिलाय का? आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरचा एकही पदाधिकारी स्टुडिओत येत नाही, पोलिस बंदोबस्तात असतात आणि तुमचे कॅमेरेही तिकडेच गेलेले असतात. त्या आठवड्याचा भाग आधी रेकॉर्ड करून ठेवा.

## टप्पा ३ : पहिले आठ भाग कागदावर

इथे दोन आठवडे घालवा. कार्यक्रम टिकणार की नाही ते इथेच ठरतं.

बहुतेकांच्या यादीत विषय असतात : पाणी, रस्ते, विमानतळ, ऊस. विषयावर चर्चा होते, हाती काही लागत नाही. प्रत्येक भागाला एक प्रश्न हवा, आणि तो असा हवा की उत्तर देणारं नेमकं कार्यालय किंवा माणूस दाखवता येईल.

पाण्याचं उदाहरण घेऊ. ‘सोलापूरचा पाणीप्रश्न’ हा विषय झाला. ‘उजनी भरलेली असताना शहरातल्या नळाला रोज पाणी का येत नाही?’ हा प्रश्न झाला. आता याचं उत्तर कुणाकडे आहे? धरणातून पाणी कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समिती आणि जलसंपदा विभाग ठरवतात. नदीतून आलेलं पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलणं, जलवाहिनी, टाक्या आणि गल्लीतलं वाटप हे महापालिकेचं काम. तुम्ही स्टुडिओत दोन पक्षांचे शहराध्यक्ष बसवले तर यातलं काहीच बाहेर येणार नाही. दोघंही एकमेकांच्या सरकारांची वर्षं मोजत बसतील. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचा अधिकारी, जलसंपदाची बाजू (निदान लेखी) आणि एक लोकप्रतिनिधी असं त्रिकूट असेल तरच प्रश्न पुढे सरकतो.

त्याच भागात हमखास होणारी चूक म्हणजे उजनीचा आकडा. धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३.६ टीएमसी मृत साठा (सहसा न वापरता धरणात राहणारा) आणि ५३.६ टीएमसी उपयुक्त. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, उणे म्हणजे पाणी मृत साठ्यात उतरलं. म्हणून ‘उणे २० टक्के’ असं छापून येतं तेव्हाही धरणात पन्नासहून जास्त टीएमसी पाणी असतं. ग्राफिक्सच्या प्लेटवर नुसतं ‘उणे २०’ टाकलंत की प्रेक्षकाला वाटतं धरण कोरडं पडलंय. पाहुणा मग सोयीचा आकडा उचलतो आणि अँकर बघत राहतो.

असेच आणखी काही प्रश्न, नमुन्यादाखल :

– बोरामणीत विमानतळासाठी घेतलेल्या जमिनीचं पुढे काय?
– ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) देण्याचा नियम जिल्ह्यातल्या कोणत्या कारखान्यांनी पाळला नाही? (सोलापुरातच साखर सहसंचालकांचं प्रादेशिक कार्यालय आहे, आकडे तिथून घ्या.)
– विडी कामगारांच्या हातात ठरलेलं किमान वेतन खरंच पडतं का?
– यंत्रमागाची वीज सवलत जाहीर झाली, बिलात किती उतरली?

आठ प्रश्न लिहून झाले की लगेच पुढचं काम करा, कारण ते नंतर करून उपयोग नसतो : पाचव्या ते आठव्या भागाला लागणारी कागदपत्रं माहिती अधिकारात मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि बऱ्याचदा पहिलं उत्तर अपुरं येतं. आज अर्ज टाकलात तर सहाव्या भागाला कागद हाती असेल. पहिल्या चार भागांसाठी महापालिकेचं अंदाजपत्रक, सर्वसाधारण सभेची कार्यक्रमपत्रिका, उमेदवारांची शपथपत्रं असं आधीच उघड असलेलं साहित्य पुरतं.

तपासा, मतदारसंघाचा नकाशा : जिल्ह्यात ११ तालुके आणि ११ विधानसभा मतदारसंघ, पण ते एकावर एक बसत नाहीत. बार्शी जिल्हा म्हणून सोलापुरात, लोकसभेला धाराशिवमध्ये. मंगळवेढा तालुक्याला स्वतःच्या नावाचा मतदारसंघ नाही, तिथली गावं मुख्यतः पंढरपूर मतदारसंघात येतात. माढा लोकसभेत साताऱ्यातले फलटण आणि माण आहेत. ‘बार्शीच्या रेल्वेचा प्रश्न’ म्हणून सोलापूरच्या खासदारांना धारेवर धरणारा अँकर पहिल्या मिनिटालाच हसं करून घेतो.

## टप्पा ४ : पैसे कुठून

स्थानिक चॅनेलचं मोठं उत्पन्न काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे : नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुमच्या कार्यक्रमाच्या ब्रेकमध्ये त्या घेऊ नका. चॅनेल दिवसभर इतरत्र लावेल, ते त्यांचं त्यांनी बघावं, पण ज्याला पहिल्या भागात प्रश्न विचारलात त्याचाच हार घातलेला फोटो ब्रेकला आला तर पुढचे दोन भाग कुणी बघणार नाही. हा मुद्दा करारातच घाला.

इच्छुक उमेदवार, त्यांच्या संस्था, त्यांचे कारखाने आणि महापालिकेचे चालू ठेकेदार हे चार प्रकारचे प्रायोजक नकोत. चादर-टॉवेलचे शोरूम, सराफ, किराणा ब्रँड, क्लासेस, वाहनांचे डीलर यांच्याकडे जा. बार्कचं (प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचं) रेटिंग सॅटेलाइट चॅनेलचं असतं, तुमच्याकडे दाखवायला रेटिंग नाही. म्हणून ‘इतके लाख लोक बघतात’ असं थापू नका. नेटवर्कच्या चालू कनेक्शनचा आकडा ऑपरेटरकडून लेखी घ्या आणि तोच द्या. दर सांगताना १८ टक्के जीएसटी वेगळा सांगा, नाहीतर बिलाच्या दिवशी सराफ तुम्हाला दारात उभं करेल.

तेरा भागांचे पैसे हातात किंवा लेखी कबूल झाल्याशिवाय प्रोमो सोडू नका. एका तिमाहीत आठवडे तेरा असतात, हिशेब तिथून आलाय.

सावधान : निवडणूक काळात राजकीय जाहिरात टीव्हीवर दाखवण्याआधी माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशापासून ही पद्धत आहे. नोंदणीकृत राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पक्षांनी आणि निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा. रविवारच्या ब्रेकची जाहिरात शुक्रवारी संध्याकाळी हातात आली तर ती लागत नाही, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. आणि एकाच उमेदवाराची गोडगोड मुलाखत ‘पेड न्यूज’ ठरली तर तो खर्च त्याच्या खात्यात धरला जातो. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. त्याची नोटीस त्याला जाते, फोन मात्र तुम्हाला येतो.

## टप्पा ५ : माणसं

किमान टीम : अँकर, निर्माता, एक बातमीदार-संशोधक, तीन कॅमेरामन, स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचं यंत्र) चालवणारा, ध्वनी सांभाळणारा, एडिटर. यात काटकसर करायची तर तिसरा कॅमेरा लॉक करून ठेवा, पण संशोधक काढू नका. सगळे नेमका त्यालाच काढतात.

अँकर निवडताना आवाजाच्या आधी दोन गोष्टी बघा : तो पाहुण्याचं उत्तर ऐकतो का, की पुढचा प्रश्न वाचतो? आणि तो कॅमेऱ्यासमोर नेत्याला काय म्हणतो? आपल्याकडे ‘मालक’, ‘आबा’, ‘बापू’, ‘दादा’ ही हाक तोंडात इतकी बसलेली असते की ती पडद्यावरही येते. ऑफ कॅमेरा खुशाल म्हणा. रेकॉर्डिंग सुरू झालं की पद किंवा आडनावाला ‘साहेब’, बाईंना ‘ताई’ किंवा ‘मॅडम’, आणि हे सगळ्या पक्षांना सारखं. एकाला ‘दादा’ आणि दुसऱ्याला ‘तुम्ही विरोधक’ म्हटलं की झालं.

चौकातल्या प्रतिक्रियांसाठी तेलुगू आणि कन्नड येणारी माणसं जवळ ठेवा. पूर्व भागातल्या विणकराला किंवा अक्कलकोटच्या शेतकऱ्याला मराठीतच बोला म्हणून अडवू नका. त्याच्या भाषेत बाइट घ्या, खाली मराठी पट्टी द्या. सोलापुरी ‘बे’सुद्धा एडिटरने कापू नये, शिवी असेल तर कापावी.

## टप्पा ६ : पाहुणे

निमंत्रण फोनवर द्या आणि लगेच व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा. मजकूर साधारण असा :

‘नमस्कार साहेब. येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता रेकॉर्डिंग, रविवारी सकाळी १० ला प्रसारण, रात्री ९ ला पुनःप्रसारण. प्रश्न : उजनी भरलेली असताना शहराला रोज पाणी का नाही? सोबत महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचे अधिकारी आणि विरोधी पक्षाचे एक प्रतिनिधी असतील. चर्चा २० मिनिटं. प्रश्नांची यादी आधी दिली जात नाही, आकडेवारी हवी असल्यास पाठवतो. कृपया गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवावे. आपण येऊ शकत नसल्यास लेखी बाजू पाठवावी, ती वाचून दाखवू.’

यातलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. उद्या ‘आमची बाजू घेतलीच नाही’ अशी तक्रार आली तर हाच मेसेज तुमच्या कामाला येतो.

सोबत कोण आहे हे लपवणं ही दुसरी मोठी चूक. स्टुडिओच्या दारात पाहुण्याला विरोधक दिसतो आणि तो गाडीत परत बसतो. अधिकाऱ्यांच्या बाबतीत वेळ आणखी लागतो, त्यांना वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. त्यांचं पत्र मंगळवारच्या आत द्या. एकाच वेळी तीनपेक्षा जास्त पाहुणे नकोत. चौघे झाले की चोवीस मिनिटांत नुसता आरडाओरडा.

तपासा, पट्टीवरची पदं : माजी की आजी, शहराध्यक्ष की कार्याध्यक्ष, पक्षाचा कोणता गट. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून महापालिकेत प्रशासक आला, तरी पुढे बराच काळ लोकांच्या पट्टीवर ‘नगरसेवक’च होता. नाव आणि पद पाहुण्याकडूनच मेसेजवर लिहून घ्या आणि तेच कॉपी करून ॲस्टनला (पडद्यावरच्या नावाच्या पट्टीला) लावा. टाइप करू नका.

## टप्पा ७ : सेट, आवाज, प्रकाश

आता सेट. एक टेबल, चार खुर्च्या, मागे न चकाकणारी गडद भिंत, बस्स. खुर्च्या सारख्या उंचीच्या आणि न फिरणाऱ्या घ्या. फिरत्या खुर्चीवर नेता बोलताना डोलतो आणि फ्रेमच्या बाहेर जातो.

सोलापुरात खरा शत्रू आवाज आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये एसी बंद करून रेकॉर्डिंग होत नाही, सुरू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये येते. खोली तासभर आधी थंड करा आणि माइक छातीवर लावायचे घ्या, टेबलावरचे नकोत. अशोक चौक किंवा त्या बाजूला जागा स्वस्त मिळाली म्हणून लगेच घेऊ नका. आधी कामाच्या दिवशी दुपारी जाऊन शेजारच्या मागांचा खडखडाट ऐका.

कॅमेरे २५ फ्रेमवर, शटर ५० वर. मोबाइलवर घेतलेल्या बाइट ३० फ्रेमच्या असतील तर ट्यूबलाइटखाली पडदा लुकलुकतो, बातमीदाराला सेटिंग आधीच बदलायला सांगा. वीज गेली तर कॅमेरे बॅटरीवर चालतात, स्विचर आणि रेकॉर्डर चालत नाहीत. ते दोन्ही यूपीएसवर हवेत. संगीत परवान्याचं किंवा स्वतः करून घेतलेलं वापरा.

## टप्पा ८ : दोन पायलट

दोन पूर्ण भाग खऱ्या पाहुण्यांसह करा आणि प्रसारित करू नका. पाहुण्यांना तसं आधीच सांगा. एक पायलट साध्या विषयावर, दुसरा भांडण होईल अशा.

मग ती फाइल ऑपरेटरकडून चाचणीला चालवून घ्या आणि एखाद्या घरी, सेट-टॉप बॉक्सवर, जुन्या टीव्हीवर बघा. एडिटिंगच्या मॉनिटरवर जे दिसत नाही ते इथे दिसतं : कडेची अक्षरं कापली जातात, टिकर (सरकत्या ओळींची पट्टी) खाली बुडतो, आणि ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ची सक्तीची ओळ तुमच्या लोगोवरच येऊन बसते. लोगोची जागा यानंतरच पक्की करा. आवाज निम्मा करून, पंखा लावून ऐका. मध्येच एक शब्द निसटत असेल तर माइक नाही, दोन माणसं एकाच वेळी बोलतायत. तो अँकरचा प्रश्न आहे.

## टप्पा ९ : शनिवार

चोवीस मिनिटांची विभागणी मी अशी करतो : पहिला भाग दहा मिनिटं (एक मिनिट प्रश्नाची मांडणी, तीन मिनिटांचं पॅकेज म्हणजे आधी तयार केलेली चित्रफीत, सहा मिनिटं चर्चा), ब्रेक तीन, दुसरा भाग नऊ, ब्रेक तीन, तिसरा भाग पाच. तिसऱ्या भागात नवा मुद्दा काढायचा नाही. ‘हे कधी होणार आणि कोण करणार?’ एवढंच प्रत्येकाला विचारायचं आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवायचं.

दुपारचा क्रम :

१. दीड वाजता संशोधक आकड्यांची प्लेट मूळ कागदाशी ताडतो. स्मरणातून नाही.
२. दोन वाजता प्रत्येक माइकची चाचणी, रेकॉर्डिंग करून परत ऐकायची.
३. अडीचला पाहुणे. प्रत्येकासोबत एकच माणूस आत, बाकीचे कार्यकर्ते खाली चहाला. हे दाराशी सांगायला टीममधला वयाने मोठा माणूस ठेवा, पोरं सांगतील तर ऐकणार नाहीत.
४. मोबाइल बाहेर. यावर कुणाचीही भीड ठेवू नका. कार्यकर्ते कोपऱ्यातून शूट करतात आणि ‘आमच्या साहेबांनी कसं झोडपलं’ असा तीस सेकंदांचा तुकडा रविवारी सकाळच्या आधीच गावभर फिरतो.
५. तीनला रेकॉर्डिंग. ब्रेकच्या वेळीही कॅमेरे चालू आहेत हे पाहुण्यांना सांगा आणि तो भाग वापरू नका.

रात्री एडिट झाल्यावर दोन जणांनी भाग सलग बघायचा, एकाने तरी रेकॉर्डिंगला हजर नसलेलं असावं. बघताना तीन गोष्टींवर बोट ठेवायचं : व्यक्तीवर थेट आरोप आणि पुरावा नाही (भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, बदनामी); जात-धर्मावरून केलेला शेरा; न्यायप्रविष्ट प्रकरणावर निकाल दिल्यासारखं विधान. कापताना वाक्याचा अर्थ उलटणार नाही ना, हेही बघा. अर्थ उलटत असेल तर पूर्ण मुद्दा काढा.

## टप्पा १० : फाइल देणं आणि सोमवार

फाइलच्या नावात तारीख आणि भाग क्रमांक हवाच. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल लास्ट’ अशा नावांमुळे रविवारी मागच्या आठवड्याचा भाग लागतो. प्ले-आउटला (चॅनेलवर फाइल लावायला) बसणारा माणूस रविवारी सुट्टीवर असतो आणि त्याच्या जागी दुसराच येतो, त्यामुळे शनिवारी रात्री फाइल पोहोचली एवढ्यावर समाधान मानू नका. यादीत लागली का, याचा स्क्रीनचा फोटो मागवा. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर तिथेच ठेवा. रविवारी पावणेदहाला एकाने सेट-टॉप बॉक्ससमोर बसायचं.

सोमवारी सकाळी तक्रारींची वही काढा. कुणी, कधी, कोणत्या वाक्यावर, काय उत्तर दिलं. चूक खरी असेल तर पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात दुरुस्ती सांगा, शेवटच्या पट्टीत पळवू नका. मूळ फाइल, कच्चं फुटेज आणि निमंत्रणाचे मेसेज वेगळ्या हार्ड डिस्कवर. ऑपरेटर ९० दिवस ठेवतोय म्हणून तुम्ही निश्चिंत राहू नका.

त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला कार्यक्रमाच्या शेवटच्या पाच मिनिटांत मिळालेल्या तारखा लिहा. ‘पंधरा दिवसांत निविदा’ म्हणालेल्या अधिकाऱ्याला सोळाव्या दिवशी फोन करायचा आणि जे उत्तर येईल ते पुढच्या भागाच्या आधी वाचून दाखवायचं. चौथ्या भागानंतर नवे चार प्रश्न यादीत घाला, त्यांचे माहिती अधिकार अर्ज त्याच आठवड्यात टाका, आणि पहिल्या अर्जांची उत्तरं आली नसतील तर पहिलं अपील उत्तराची मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत करा.